फवारणी पंपाचा मॉस्फेट पुन्हा पुन्हा जळतो, त्याआधी कोण मेलं ते बघा

सोयाबीनच्या फवारण्या सुरू झाल्या की माझ्या टेबलाशी बॅटरी पंपांची रांग लागते. निम्म्या पंपांची तक्रार ठरलेली: "रेग्युलेटर गेला." कुणी सांगतं, बटण कुठंही फिरवा, पंप फुल स्पीडलाच पळतो. कुणाचा पंप हूं की चूं करत नाही. किट, म्हणजे वेग सांभाळणारी सर्किटची पट्टी, उघडलं की त्यावरचा मॉस्फेट, म्हणजे मोटरचा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, उडालेला असतो. बदलायला दहा मिनिटं लागतात, पार्टही महाग नाही, म्हणून आम्ही मेकॅनिक लोक पटकन बदलून गिऱ्हाईक वाटेला लावतो. पंप पंधरा दिवसांनी परत.

मागच्या हंगामात एक काका एकच पंप तिसऱ्यांदा घेऊन आले. काउंटरवर ठेवला आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही नवीन टाकता का जुनाच पुसून लावता?"

त्या दिवशी मी मॉस्फेट बदलायच्या आधी किटवर काय काय मेलंय ते नीट बघितलं. हे आधीच करायला हवं होतं. मॉस्फेट आपल्या मरणाने फार क्वचित मरतो. त्याला मारणारा बाजूलाच बसलेला असतो, आणि कुठला पार्ट कसा मेला यावरून तो बऱ्याचदा ओळखू येतो.

किट उघडण्याआधी एक गोष्ट. पंप धुऊन, कोरडा करूनच टेबलावर घ्या आणि हातात मोजे घाला. टाकीच्या खालच्या कप्प्यात औषधाचा थर बसलेला असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी दगावले, ती औषधं याच असल्या पंपांतून मारली जातात.

आता सर्किट. बॅटरी १२ व्होल्ट, साधारण ८ अँपियर-अवरची. तिचा प्लस थेट मोटरला. मॉस्फेटला तीन पाय: ड्रेन, सोर्स आणि गेट; गेटला व्होल्टेज दिलं की ड्रेन-सोर्समधली वाट उघडते. मोटरची दुसरी वायर ड्रेनला, आणि सोर्स बॅटरीच्या मायनसला. गेटवर ५५५ नावाचा टायमर आयसी बसलेला असतो, तो सेकंदाला हजारेक वेळा गेट वर-खाली करतो. बटण फिरवलं की चालूचा वेळ आणि बंदचा वेळ यांचं प्रमाण बदलतं, आणि मोटरचा वेग त्याप्रमाणे कमीजास्त होतो.

इथली खुबी अशी की मॉस्फेट कधीच अर्धवट उघडा राहत नाही. एक तर पूर्ण चालू, नाही तर पूर्ण बंद. आयआरएफझेड४४एन हा नेहमीचा मॉस्फेट पूर्ण उघडला की त्याचा रोध जास्तीत जास्त १७.५ मिलिओहम. मोटर अडीच अँपियर घेत असेल तर त्यावर जेमतेम ०.१ वॅट उष्णता होते, बोट लावलं तर कळणारही नाही. हेच काम जुन्या पद्धतीने २एन३०५५ हा साधा पॉवर ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा ठेवून केलं असतं, तर ट्रान्झिस्टरवर ६ व्होल्ट पडून १५ वॅट नुसते तापण्यात गेले असते. म्हणजे किटवरचा मॉस्फेट चटका देत असेल, तर काहीतरी त्याला अर्धवट उघडा ठेवतंय किंवा बंद असताना मार देतंय, एवढं नक्की.

मीटर डायोड मोडवर ठेवा. मोटरची एक वायर काढा, नाही तर तिच्या वाइंडिंगमधून सगळंच शॉर्ट दाखवेल. मॉस्फेट बाहेर काढूनच तपासा. लाल प्रोब सोर्सला, काळा ड्रेनला: ०.५ च्या आसपास आकडा यायला हवा, हा त्याच्या पोटातला बॉडी डायोड, करंट फक्त सोर्सकडून ड्रेनकडे जाऊ देणारा. उलटं केलं की ओएल, म्हणजे मीटरला वाट सापडली नाही. गेटपासून कुठल्याही पायाला ओएल. उलटसुलट दोन्ही बाजूंनी बीप वाजली तर गेला. ५५५ आणि मोठा कपॅसिटर याच वेळी बघून घ्या.

आता मढी वाचायची.

सगळ्यात जास्त सापडतो तो प्रकार: मॉस्फेट शॉर्ट, आणि मोटरच्या दोन टोकांना लावलेला डायोड ओपन किंवा त्याच्याखालचं किट काळवंडलेलं. हा डायोड मोटरचा करंट सांभाळायला असतो. मोटर म्हणजे तांब्याचं वेटोळं. तिच्यातून करंट वाहत असताना मॉस्फेटने अचानक दार लावलं, तरी करंट थांबायला तयार नसतो. धावत्या बैलगाडीपुढे कवाड लावल्यासारखं. डायोड असेल तर तो करंट मोटरमध्येच गोल फिरून विरतो. डायोड नसेल तर ड्रेनवरचं व्होल्टेज चढत जातं आणि मॉस्फेटची मर्यादा, इथे ५५ व्होल्ट, ओलांडून त्याच्याच अंगातून वाट काढतं.

किती मार बसतो याचा हिशेब एकदा मांडला आणि मलाच आश्चर्य वाटलं. समजा मोटरचा इंडक्टन्स १ मिलिहेन्री आणि बंद होताना करंट २ अँपियर. साठलेली ऊर्जा २ मिलिज्यूल, म्हणजे काहीच नाही. पण हे सेकंदाला हजार वेळा होतं, म्हणजे २ वॅट. टीओ-२२० पॅकेज (मॉस्फेटचं नेहमीचं तीन पायांचं खोकं) हीटसिंकशिवाय उभं असेल तर दर वॅटला साधारण ६२ अंश तापतं. म्हणजे १२४ अंश, त्यात पाठीवरच्या बंद कप्प्यातले ४० मिळवा. आयआरएफझेड४४एनची हद्द १७५ अंश. तो तिथे कडेलोटावर बसलाय. आणि हा हिशेब सौम्य आहे.

डायोड मरतो कशाने? कारण तिथे बहुतेक किटवर १एन४००७ असतो. पेटीत तोच असतो, म्हणून आम्हीही तोच लावतो. मी स्वतः काकांच्या पंपात दुसऱ्या वेळी तोच लावला होता. तो १ अँपियरचा. अडीच अँपियरची मोटर अर्ध्या वेगावर चालवली की डायोडमधून सरासरी सव्वा अँपियर जातो. वर तो ५० हर्ट्झच्या रेक्टिफायरसाठी केलेला, बंद व्हायला काही मायक्रोसेकंद लावतो. तेवढ्यात मॉस्फेट पुन्हा चालू झालेला असतो आणि क्षणभर बॅटरी डायोडमधून थेट मॉस्फेटवर शॉर्ट होते. सेकंदाला हजार वेळा.

यावरून एक खूण सांगतो, ती कुठल्या पुस्तकात मला दिसली नाही. गिऱ्हाइकाला विचारा, पंप कुठल्या वेगावर चालवता? फुलवर ठेवला की मॉस्फेट कायम चालूच असतो, डायोडला कामच पडत नाही. असा पंप खराब डायोडवरही हंगाम काढतो. लहान पिकावर मारायला बटण निम्म्यावर आणलं की त्याच दिवशी मरतो. "फुलवर चालायचा, हळू केला आणि गेला" असं कुणी म्हणालं की आधी डायोड बघा.

तिथे १एन५८२२ लावा. ३ अँपियर, ४० व्होल्टचा शॉट्की, म्हणजे झटपट बंद होणारा डायोड, १२ व्होल्टला पुरतो. तो नसेल तर एफआर३०७ चालेल, थोडा जास्त तापतो पण १एन४००७ पेक्षा कितीतरी चपळ. पट्टी बॅटरीच्या प्लसकडे. उलटा लावलात तर पुढचं वाचायची गरज नाही.

दुसरं मढं काकांच्या पंपात होतं: मॉस्फेट शॉर्ट आणि डायोडही शॉर्ट, दोघे एकदम. वर कपॅसिटरचं डोकं फुगलेलं.

हे दिसलं की मी गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारतो, बॅटरी कोण काढतं? काका म्हणाले, "रोज रात्री मीच काढतो. गोठ्यात दिवा लावतो तिच्यावर. लाइट कुठं असते आमच्याकडं." सकाळी अंधारातच परत बसवायची. दोन्ही वायरींच्या टोकांचे थिंबल एकाच मापाचे, आणि वायरी औषधाने रंग उडून दोन्ही सारख्याच करड्या झालेल्या. लाल कुठली हे मलाही दिव्याखाली धरून बघावं लागलं.

बॅटरी उलटी लागली की काय होतं ते कागदावर काढा. आता प्लस मॉस्फेटच्या सोर्सवर आला. बॉडी डायोड सोर्सकडून ड्रेनकडे वाहतोच, तो वाहू लागला. ड्रेनवरून पुढे मोटरचा डायोड, तोही आता सरळ दिशेत आला. पलीकडे बॅटरीचा मायनस. म्हणजे दोन डायोड एकामागे एक, मध्ये काहीही रोध नाही, आणि थेट बॅटरीच्या दोन टोकांवर. स्विच बंद असो की चालू, ५५५ काम करो की न करो, गेटला इथे कुणी विचारत नाही. चांगली चार्ज असलेली लीड-अ‍ॅसिड बॅटरी क्षणात नेहमीच्या दहा-वीस पट करंट ओतते. दोघांतला जो कच्चा तो आधी जातो, शॉर्ट होऊन जातो, आणि मागोमाग दुसरा.

फ्यूज नव्हता का? होता. काचेचा ५ अँपियरचा. त्याच्यावरून तांब्याची तार गुंडाळलेली. हे कुणी केलं ते काकांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तिसऱ्या प्रकारात गेट आणि सोर्स यांच्यात बीप वाजते. गेटचा ऑक्साइडचा थर फुटला. या मॉस्फेटच्या गेटला सोर्सच्या मानाने २० व्होल्टपेक्षा जास्त सोसत नाही. शेतात हे होतं कसं? हल्ली लोक पंपाची बॅटरी सोलर पॅनलवर थेट चार्ज करतात. १२ व्होल्टचं म्हणून विकलेलं ३६ सेलचं पॅनल मोकळं असताना २१-२२ व्होल्ट देतं. बॅटरी घट्ट जोडलेली असेल तोवर ती हे दाबून ठेवते. थिंबल सैल झाला की सगळं व्होल्टेज किटवर. ५५५ ची मर्यादा १६ व्होल्टची, तो जातो आणि जाताना गेटलाही घेऊन जातो. थिंबल पक्कडीने दाबून घट्ट करणं हीदेखील दुरुस्तीच आहे, गिऱ्हाइकाला त्याचे पैसे मागायला लाजू नका.

गेटचा दुसरा शत्रू म्हणजे अधांतरी राहणं. गेट ते सोर्स १० किलोओहमचा रेझिस्टर हवाच. ५५५ मेला, ट्रॅक तुटला किंवा ड्राय सोल्डर (नीट न बसलेला टाका) झालं तर गेटला काही धरून ठेवत नाही, तो आजूबाजूच्या चार्जवर अर्धवट उघडतो आणि मघाचे १५ वॅट आठवा. बुरशीनाशकातल्या तांब्याने किटवर हिरवा थर चढला असेल तरी गेटवर गळती होते. जुन्या टूथब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून घासा, वाळवा, मग बोला.

चौथा प्रकार: मॉस्फेट शॉर्ट, डायोड ठणठणीत, बाकी सगळं ठीक. इथे किट सोडून पंपाकडे वळा. भुकटीचं औषध डायफ्रामच्या व्हॉल्व्हमध्ये वाळून बसलेलं असतं आणि मोटर अडकते. अडकलेली मोटर म्हणजे नुसतं वाइंडिंग, एखाद ओहमचं. १२ अँपियर ओढते. १७.५ मिलिओहमवर १२ अँपियर म्हणजे अडीच वॅट, हीटसिंकशिवाय दीडशे अंशांची वाढ. तापला की मॉस्फेटचा रोध वाढतो, रोध वाढला की अजून तापतो. नुसता मॉस्फेट बदलून दिलात तर ती अडकलेली मोटर दुसऱ्यालाही खाणार.

की मॉस्फेटच नकली? होय, हेही आहे. पुण्यात बुधवार पेठ, मुंबईत लॅमिंग्टन रोड, दोन्हीकडे चांगला माल मिळतो आणि पुसून नवा नंबर छापलेलाही मिळतो. दुकानाला दोष देत बसण्यापेक्षा मोजून घ्या. गेटला १० व्होल्ट द्या, ड्रेनमधून २ अँपियर सोडा, ड्रेन-सोर्सवर मिलिव्होल्ट वाचा. खऱ्याला ३५ च्या आत यायला हवं. मला एका लॉटमध्ये २०० च्या वर आकडे आले होते. तो अख्खा लॉट मी एलईडीच्या पट्ट्या चालवायला वापरला.

जाता जाता: डेटाशीटवर थ्रेशोल्ड, म्हणजे मॉस्फेट उघडायला लागतो ते गेटचं व्होल्टेज, २ ते ४ व्होल्ट लिहिलेलं बघून काही पोरं हाच मॉस्फेट ५ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरने थेट चालवतात. तो आकडा ड्रेनमधून जेमतेम २५० मायक्रोअँपियर वाहू लागण्याचा आहे. दार किलकिलं होण्याचा, उघडण्याचा नव्हे. ५ व्होल्टवर चालवायचं तर आयआरएलझेड४४एन घ्या, त्याचा रोध ५ व्होल्टलाच २५ मिलिओहमपर्यंत येतो.

आता काकांच्या पंपाचा इलाज. बॅटरी रोज निघणार आणि अंधारात लागणार, ती सवय काही बदलणार नव्हती. किटनेच सोसायला हवं होतं.

उलट्या बॅटरीपासून वाचवायला साधा डायोड प्लसमध्ये लावता येतो, पण शॉट्कीसुद्धा अर्धा व्होल्ट खातो. बॅटरी उतरत आली की तेवढ्याने फवाऱ्याचा जोर कमी होतो आणि गिऱ्हाईक परत. त्यापेक्षा आणखी एक आयआरएफझेड४४एन मायनसच्या वायरीत घाला. अडीच अँपियरला ०.०५ व्होल्टही पडत नाही. लोक यासाठी पी-चॅनल, म्हणजे प्लसच्या वायरीत बसणारा उलट्या जातीचा मॉस्फेट, सुचवतात, तेही बरोबर. पण आयआरएफ९५४०एन घेतलात तर त्याचा रोध ०.११७ ओहम, म्हणजे ०.३ व्होल्ट गेलेच. पी-चॅनलच हवा तर आयआरएफ४९०५ घ्या, ०.०२ ओहमचा.

जोडणी अशी: ड्रेन बॅटरीच्या मायनसला, सोर्स किटच्या ग्राउंडला, गेटला प्लसवरून १० किलोओहम, आणि गेट-सोर्समध्ये १५ व्होल्टचा झेनर, म्हणजे त्यापुढचं व्होल्टेज दाबून ठेवणारा डायोड, पट्टी गेटकडे. झेनर त्या सोलर पॅनलवाल्यांसाठी. बॅटरी सरळ लावली की आधी बॉडी डायोडमधून करंट सुरू होतो, लगेच गेटला व्होल्टेज मिळतं आणि चॅनल पूर्ण उघडतो. उलटी लावली तर गेटला उघडायला काही मिळत नाही आणि बॉडी डायोडही उलटा असतो. काहीच वाहत नाही.

तुम्ही म्हणाल सोर्स बॅटरीकडे हवा. एन-चॅनलचा, म्हणजे आपल्या आयआरएफझेड४४एनसारख्याचा, सोर्स मायनसला असंच आपण शिकलोय, स्विचिंगच्या मॉस्फेटचाही तसाच आहे. मीही पहिल्यांदा असंच लावलं होतं, दुसऱ्या एका पंपात. पंप उत्तम चालला, कारण चॅनल उघडला की करंट दोन्ही दिशांनी वाहतो. मी खूश. बॅटरी उलटी लागली तेव्हा बॉडी डायोडने रस्ता मोकळा करून दिला आणि आता दोनऐवजी तीन पार्ट जळून आले. इथे मॉस्फेट मुद्दाम उलटा लावायचा असतो.

अडकलेल्या मोटरसाठी मी बीसी५४७ हा छोटा ट्रान्झिस्टर वापरतो; बेस, एमिटर, कलेक्टर हे त्याचे पाय. स्विचिंग मॉस्फेटचा सोर्स आणि ग्राउंड यांच्यात ०.१ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर. ६ अँपियरला त्यावर ०.६ व्होल्ट पडतात, तेवढ्यावर बीसी५४७ चालू होतो. बेसला १ किलोओहम आणि बेस-एमिटरला १० नॅनोफॅरड, म्हणजे ब्रशच्या ठिणग्यांनी तो दचकत नाही. पुष्कळ ठिकाणी त्याचा कलेक्टर थेट मॉस्फेटच्या गेटला जोडलेला दाखवतात. ते इथे करू नका. तसं केलं तर मॉस्फेट ६ अँपियर वाहत अर्धवट उघडा लटकतो आणि उरलेले ६ व्होल्ट त्याच्यावर पडतात: ३६ वॅट. वाचवायला लावलेला ट्रान्झिस्टरच मारेकरी. कलेक्टर ५५५ च्या ४ नंबरच्या रीसेट पायाला द्या, आणि त्या पायाला प्लसवरून १० किलोओहम. करंट वाढला की ५५५ तेवढ्या फेरीपुरतं गेट पूर्ण बंद करतो, पुढच्या फेरीत पुन्हा प्रयत्न करतो. गरम दिवसांत ही मर्यादा थोडी खाली येते, कारण बेस-एमिटरचं व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट घटतं. कप्पा ६५ अंशांवर गेला तर ६ ऐवजी सव्वापाच अँपियरला कापेल. चालतं, उलट बरंच.

फ्यूज खरा घाला, ५ अँपियरचा, आणि दोन जास्तीचे फ्यूज कप्प्यात चिकटपट्टीने लावून द्या. तार गुंडाळायचा मोह तेवढ्याने निम्मा होतो.

नवं किट पहिल्यांदा थेट बॅटरीवर लावू नका. मेनच्या कामात आपण सिरीज बल्ब लावतो, तसा इथे मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब प्लसमध्ये लावा. काही शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल आणि पावणेदोन अँपियरच्या वर काही जाणार नाही. मोटर काढून, स्विच चालू करून बघा: बल्ब विझलेला हवा. मोटर जोडली की मंद पेटेल, बटणाबरोबर कमीजास्त होईल. मग बल्ब काढून, पाणी भरून, बटण निम्म्यावर ठेवून दहा मिनिटं चालवा आणि बंद करून मॉस्फेटला बोट लावा. फुलवर नाही, निम्म्यावर.

शेवटी बल्ब परत लावा आणि बॅटरी मुद्दाम उलटी जोडा. काकांच्या समोर हे केलं तेव्हा ते पुढे झुकले, "अहो, अहो" म्हणत. बल्ब पेटला नाही. तो पेटला असता, तर संरक्षणाच्या मॉस्फेटचे ड्रेन आणि सोर्स बदलले असते.